चहाआधीची मिठाई

चहा ही आज घरोघरची वस्तू झाली आहे. सकाळी उठल्यावर, प्रवासात, कामाच्या मधल्या विसाव्यात माणसे तो चार घोटांत पितात आणि पुढच्या उद्योगाला लागतात. तो कोणी केला, कोणत्या पात्रातून दिला, पिताना बाहेर कोणता ऋतू होता, याचा विचार करावयास सहसा कोणास सवड नसते. जपान देशात मात्र याच पेयाभोवती एक संपूर्ण विद्या उभी राहिली आहे. तिला जपानी भाषेत 'चादो' असे म्हणतात. 'चा' म्हणजे चहा व 'दो' म्हणजे मार्ग. चहा कसा करावा, पाहुण्यास कसा द्यावा आणि पाहुण्याने तो कसा घ्यावा, हे तेथील कित्येक स्त्रीपुरुष आयुष्यभर शिकत राहतात. या चहापूर्वी पाहुण्यापुढे एक लहानशी मिठाई ठेवण्याचा प्रघात आहे. ती करणे हीसुद्धा एक स्वतंत्र कलाच होय.

जपानमध्ये चहा चीन देशातून आला. एइसाई नावाचा बौद्ध भिक्षू ११९१ साली चीनहून परतला, तेव्हा त्याने चहाचे बी आपल्याबरोबर आणले, असे सांगतात. तो ज्या पंथाचा होता त्यास 'झेन' म्हणतात. हा शब्द मुळात आपल्या 'ध्यान' या शब्दापासून निघालेला आहे. चीनमध्ये गेल्यावर त्याचे 'चान' झाले आणि पुढे जपानमध्ये 'झेन' झाले. ध्यानास बसलेल्या भिक्षूंना झोप येऊ नये, म्हणून मठांतून चहा पिण्याची चाल पडली.

हा चहा आपल्या चहाहून अगदी निराळा असतो. पाने खुडण्यापूर्वी काही आठवडे चहाच्या झुडपांवर छाया करतात. त्यामुळे पाने गर्द हिरवी होतात. मग ती वाफवून वाळवितात आणि दगडी जात्यावर दळून त्यांची मऊ पूड करतात. या पुडीस 'माच्चा' म्हणतात. ती वाडग्यात घालून तीवर गरम पाणी ओततात व बांबूच्या लहानशा घुसळणीने घुसळतात. त्यात दूध नसते, साखर नसते, आणि तो गाळीतही नाहीत. पानांची सारी पूड पोटात जाते. साहजिकच हा चहा चवीला कडसर लागतो. त्याआधी जिभेवर थोडी गोडी असावी, यासाठीच ही मिठाई.

चहाच्या या विद्येला आजचे स्वरूप देणाऱ्या पुरुषाचे नाव सेन नो रिक्यू. त्याचा जन्म १५२२ साली साकाई या बंदराच्या शहरात एका व्यापारी कुटुंबात झाला. त्या काळी जपानमध्ये सरदारांची आपापसांत सतत युद्धे चालू होती. चीनमधून आणलेली मौल्यवान चहापात्रे मिळवून ती मिरविण्यात हे सरदार भूषण मानीत. रिक्यूने याच्या उलट मार्ग धरला. त्याने चहासाठी लहानशी, मातीच्या भिंतींची खोली पसंत केली. त्याने बांधली असे मानली जाणारी 'ताइआन' ही खोली क्योतोजवळ आजही उभी आहे. तिच्यात चहाची जागा अवघ्या दोन चटयांची आहे. अशा खोलीचे दार सुमारे पासष्ट सेंटिमीटर उंचीचे असते. आत जावयाचे तर राजाला असो वा रंकाला, गुडघ्यांवर वाकूनच सरकावे लागते. सामुराई योद्ध्यांनी आपल्या तलवारी बाहेर ठेवाव्यात, असा दंडक होता. रणांगणावर ज्यांच्या शब्दासरशी माणसांची डोकी उडत, ते सरदार या खोलीत निःशस्त्र होऊन इतरांच्या शेजारी मांडी मोडून बसत.

रिक्यूविषयी एक आख्यायिका सांगतात. एकदा एका शिष्याने त्यास चहाविद्येचे रहस्य विचारले. रिक्यूने उत्तर दिले, की चहा पिणाऱ्यास रुचेल असा करावा, पाणी उकळेल असे निखारे रचावेत, फुले रानात असतात तशी ठेवावीत, उन्हाळ्यात गारवा वाटावा आणि हिवाळ्यात ऊब वाटावी, वेळेच्या आधी तयार असावे, पाऊस नसला तरी पावसाची तजवीज करावी आणि बरोबरच्या पाहुण्यांची काळजी घ्यावी. शिष्य नाराज होऊन म्हणाला, "एवढे तर मला ठाऊकच आहे!" त्यावर रिक्यू म्हणाला, "हे सारे जर तुम्हांला खरोखर करता येत असेल, तर मीच तुमचा शिष्य होतो."

त्या काळचा सर्वांत बलाढ्य सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या पदरी रिक्यू चहाचा आचार्य होता. हिदेयोशीने स्वतःसाठी सोन्याने मढविलेली चहाची खोली करवून घेतली होती. साधेपणाचा उपासक रिक्यू आणि वैभवाचा भोक्ता हिदेयोशी यांचा स्नेह काही वर्षे टिकला. पुढे हिदेयोशीची त्याच्यावर गैरमर्जी झाली आणि १५९१ साली त्याने रिक्यूस आपल्या हाताने प्राणत्याग करण्याची आज्ञा दिली. रिक्यूने ती पाळली. हिदेयोशीचे घराणे पंचवीस वर्षांच्या आत लयास गेले. रिक्यूच्या वंशजांची तीन घराणी मात्र क्योतो शहरात आजही चहाची विद्या शिकवीत आहेत.

रिक्यूच्या काळात चहाबरोबर दिला जाणारा खाऊ अगदी साधा असे. भाजलेले चेस्टनट, वाळविलेली फळे किंवा गव्हाच्या पिठाचे पातळ धिरडे करून त्यात सोयाबीनचा आंबविलेला खारट लगदा घातलेली गुंडाळी, असे पदार्थ पाहुण्यांपुढे येत. साखर तेव्हा फार दुर्मिळ होती. याच सुमारास गोव्याहून मलाक्का व मकाव या मार्गाने पोर्तुगीजांची जहाजे जपानला जाऊ लागली. त्यांच्याबरोबर साखरेच्या नव्या मिठाया तेथे पोहोचल्या. त्यांपैकी 'कोनपेइतो' ही मिठाई तर आपल्या संक्रांतीच्या काटेरी हलव्याची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. तापलेल्या कढईत बारीक कणांवर थोडा थोडा पाक घालीत राहिले, की त्यांना हळूहळू काटे फुटतात. १५६९ साली एका पोर्तुगीज धर्मोपदेशकाने ओदा नोबुनागा या सरदारास ही मिठाई काचेच्या पात्रातून नजर केली होती. पुढील दोन शतकांत साखर अधिक मिळू लागली आणि क्योतोच्या हलवायांनी चहासाठी नाना प्रकारच्या मिठाया तयार केल्या. या देशी मिठायांना आज 'वागाशी' असे म्हणतात.

यांतील बहुतेक मिठायांचा प्राण म्हणजे 'आन'. अझुकी नावाचे तांबडे बारीक कडधान्य जपानमध्ये पिकते. ते आपल्या मुगाच्या व उडदाच्या जवळच्या नात्यातील आहे. ते शिजत असता प्रथम सुटणारे तुरट पाणी ओतून टाकतात. दाणे मऊ झाले, की ते चाळणीवर घासून साले वेगळी करतात. खाली उतरलेला गर पाण्यात निवळू देतात, फडक्यात बांधून पिळतात आणि साखर घालून मंद आचेवर घोटतात. आपल्या पुरणाची आठवण व्हावी असाच हा पदार्थ असतो. नवशिक्याचा पहिला अभ्यास हाच. आच थोडी वाढली की आन करपते आणि पाणी थोडे अधिक राहिले की पुढे आकार धरीत नाही.

यानंतर 'नेरिकिरी' या मिठाईचा पाठ येतो. पांढऱ्या घेवड्याच्या आनात चिकट तांदळाच्या पिठाचा शिजविलेला गोळा मिसळतात व ते मिश्रण मळून मऊ करतात. त्यास हलका रंग देतात. मग त्याची लहानशी चकती तळहातावर पसरून मध्ये तांबड्या आनाची गोळी ठेवतात आणि बोटांनी हळूहळू फिरवीत ती झाकून घेतात. मोदक करणाऱ्या किंवा पुरणपोळीचा उंडा भरणाऱ्या हातांना ही हालचाल परिचित वाटेल. आवरण सर्व बाजूंनी सारख्याच जाडीचे हवे. कधी गुलाबी थरावर पांढरा थर असा पातळ चढवितात, की आतला गुलाबी रंग बाहेर अंधुकसा झळकावा. शेवटी लाकडाच्या त्रिकोणी पट्टीने पाकळ्यांच्या रेषा उमटवितात. शेवंतीचे फूल करावयाचे असेल, तर बारीक कात्रीने एकेक पाकळी कापून उचलतात. हे काम सावकाश करून चालत नाही. मिठाई हातात फार वेळ राहिली, की तिचा पृष्ठभाग सुकतो व तिला तडे जातात. हात हलका हवा आणि चपळही हवा. एवढी खटपट करून जी वस्तू तयार होते, तिचे वजन जेमतेम चाळीस-पन्नास ग्रॅम असते!

आज क्योतोमध्ये प्रवाशांसाठी तास-दोन तासांचे वर्ग चालतात. त्यांत कोणासही दोन-तीन मिठाया स्वतःच्या हाताने करून पाहता येतात आणि त्या खाऊन वर चहाही घेता येतो. परंतु हलवाई होऊ इच्छिणाऱ्यांना विद्यालयात किंवा जुन्या दुकानात कित्येक वर्षे उमेदवारी करावी लागते.

या मिठाईचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे तिचे ऋतूशी असलेले नाते. वसंतात चेरीच्या फुलाची आकृती, शरदात मेपलच्या तांबड्या पानाची, हिवाळ्यात बर्फाची. प्रत्येकीला एखादे काव्यमय नाव असते. क्योतोमध्ये ३० जून रोजी 'मिनाझुकी' नावाची मिठाई खातात. पूर्वी उन्हाळ्यात बर्फ खाण्याचे सुख केवळ राजदरबाराच्या वाट्यास येई. सामान्य जनांनी त्याच्या तुकड्यासारखी दिसणारी पांढरी, त्रिकोणी मिठाई केली, तीवर अझुकीचे दाणे पसरले आणि तिच्यातच गारवा मानून घेतला. चहासाठीच्या मिठाईला तीव्र सुवास देत नाहीत, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. तिने चहाचा सुगंध झाकून टाकला, तर ती कितीही सुंदर असली तरी आपल्या कामात चुकली असे समजतात.

आता प्रत्यक्ष समारंभ पाहू. पाहुणे बागेतील दगडी पायवाटेने येतात, पाण्याच्या कुंडाशी हात व तोंड धुतात आणि त्या लहान दारातून आत सरकतात. समोरच्या कोनाड्यात एक सुलेखनाचा पट टांगलेला असतो आणि साधेसे फूल ठेवलेले असते. लोखंडी किटलीतील पाण्याचा मंद सूर ऐकू येत असतो. प्रथम मिठाई येते. पाहुणा ती कागदाच्या घडीवर घेतो, क्षणभर निरखतो आणि लाकडी काडीने कापून खातो. मग यजमान सर्वांसमक्ष पात्रे पुसून चहा घुसळतो. वाडगा हाती आल्यावर पाहुणा शेजाऱ्यास लवून 'ओसाकी नि' म्हणतो. म्हणजे, 'आपल्या आधी घेतो, क्षमा असावी.' वाडग्याची चित्राची बाजू आपल्या ओठांना लागू नये, म्हणून तो वाडगा किंचित फिरवून घेतो व मगच पितो.

चहाच्या या विद्येत 'इचिगो इचिए' असे एक वचन प्रसिद्ध आहे. 'एक वेळ, एक भेट' हा त्याचा अर्थ. तेच यजमान, तेच पाहुणे उद्या पुन्हा जमले, तरी आजची भेट पुन्हा येणार नाही. म्हणून ती मनःपूर्वक साजरी करावी. ई नाओसुके या राज्यधुरंधर पुरुषाने आपल्या चहावरील ग्रंथात हा विचार विस्ताराने मांडला. १८६० साली, हिमवर्षाव होत असलेल्या एका सकाळी, राजवाड्याच्या वेशीजवळ मारेकऱ्यांनी त्याचा वध केला. आयुष्याची शाश्वती नसते, हे सांगणाऱ्याच्याच वाट्यास असे मरण आले.

हलवायाने पहाटे उठून केलेले फूल पाहुणा तीन-चार घासांत संपवितो. ते जपून ठेवता येत नाही, आणि ज्याने ते केले तो त्या खोलीत हजरही नसतो. तरीही आन घोटताना तो आळस करीत नाही. कारण कोणी एक पाहुणा आज येणार आहे, एवढे त्यास पुरेसे असते. आपल्या दारी आलेल्या माणसाला पाण्याचा पेला देतानाही हीच वृत्ती ठेवता येईल. पेला स्वच्छ असावा, पाणी गार असावे आणि देणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे नसावे. हे सर्वांना ठाऊकच आहे. परंतु ते रोज करणे किती कठीण आहे, हे रिक्यूच्या त्या शिष्याला विचारावे.