इलेक्ट्रॉनिक रोगसर्वेक्षण आणि पांढुर्णा-सौंसर सीमाभाग

एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम भारतात २००४ मध्ये सुरू झाला. त्यात आरोग्यसेविका लक्षणांवरून, डॉक्टर तपासणीवरून आणि प्रयोगशाळा चाचणीवरून रुग्णांची माहिती कळवितात. २०२१ पासून ही माहिती देशभर संगणकीय मंचावर नोंदविली जाऊ लागली. पांढुर्णा व सौंसर मध्य प्रदेशात असले, तरी तेथील अनेक गंभीर रुग्ण नागपूरला नेले जातात. म्हणून रुग्णालयाबरोबर रुग्णाचे गावही नोंदविणे अगत्याचे ठरते. अन्यथा रोगाचा उगम दृष्टीआड राहतो. २०२५ मध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात बालके मूत्रपिंड निकामी होऊन दगावली, तेव्हा नागपूरच्या महानगर सर्वेक्षण कक्षानेच राष्ट्रीय यंत्रणेस कळविले. पुढे खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष आढळले. संगणक नोंद त्वरित पोहोचवितो. परंतु गावाचे नाव विचारून लिहिणे हे माणसाचेच काम होय.