मोटारीचा वेगधारक बंद पडला तर
(नभोवाणीवरील भाषण)

मोटारींत आजकाल जीं अनेक सुखसाधनें आलीं आहेत, त्यांत क्रूझ कंट्रोल हें एक होय. आपण सोयीसाठीं त्यास 'वेगधारक' म्हणूं. एकदां वेग नेमून दिला, म्हणजे पाय उचलला तरी गाडी तो वेग सोडीत नाहीं. समृद्धि महामार्गासारख्या लांब व मोकळ्या रस्त्यावर त्याचा चांगला उपयोग होतो. हें साधन एखादे दिवशीं अकस्मात् चालेनासें होतें, आणि मालकाच्या मनांत पहिला विचार येतो तो खर्चाचा. थोडक्या पैशांत हा दोष कसा शोधावा आणि त्याकडे दुर्लक्ष कां करूं नये, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

वेग एकसारखा राखण्याची कल्पना जुनी आहे. जेम्स वॉटनें १७८८ मध्यें वाफेच्या एंजिनास फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक जोडला. वेग वाढला कीं गोळे बाहेर फांकत आणि वाफेची झडप आपोआप मिटूं लागे. मोटारीसाठीं असें साधन राल्फ टीटर या अमेरिकन यंत्रज्ञानें सिद्ध केलें. वयाच्या पांचव्या वर्षीं अपघातानें त्याची दृष्टि गेली होती. १९५८ मध्यें क्रायस्लर कंपनीनें तें आपल्या गाड्यांत विक्रीस आणलें. जुन्या गाड्यांत हें साधन तार ओढून एंजिनाचा वेग सांभाळी. हल्लींच्या गाड्यांत तें काम गाडींतील संगणकच करितो. म्हणून केवळ वेगधारकासाठीं असे भाग आतां फार थोडे उरले आहेत: स्टिअरिंगवरील बटणें आणि त्यांच्या वायरी. बाकी सारी माहिती तो ब्रेक, क्लच, चाकें आणि एंजिन यांच्याकडून उसनी घेतो.

येथेंच या विषयाची किल्ली आहे. आमची हिरकणीवाडी रायगडाच्या पायथ्याशीं वसलेली. गडाचे दरवाजे सायंकाळीं बंद झाले आणि हिरकणी गवळण आंत अडकली, ही आख्यायिका आपणांस ठाऊक आहेच. पहारेकऱ्याचें तिच्याशीं वैर नव्हतें; त्यास हुकूम होता. वेगधारकाचेंही तसेंच आहे. ज्यांच्या ग्वाहीवर तो चालतो, त्यांपैकीं एकाचीही ग्वाही मिळाली नाहीं, तर तो दार लावून घेतो. तो बहुधा स्वतः बिघडलेला नसतो. दुसऱ्या कुणाचा तरी बिघाड तो आपणांस सांगत असतो.

तेव्हां तपासणी स्वस्त गोष्टींपासून सुरू करावी. प्रथम गाडीबरोबर आलेलें पुस्तक उघडावें. बहुतेक गाड्यांत ताशीं सुमारें ४० किलोमीटरच्या खालीं वेगधारक लागतच नाहीं. कित्येक गाड्यांत वेगमर्यादेचें निराळें साधन त्याच बटणावर असतें आणि चुकून तें चालू झालेलें असतें. समोरच्या पाटीवर एंजिनाचा किंवा ए.बी.एस.चा इशारा देणारा दिवा जळत असेल, तर वेगधारकाकडे न पाहतां तो दोष आधीं दूर करावा. असा दिवा लागला असतां पुष्कळ गाड्या वेगधारक मुद्दाम बंद ठेवतात. ज्या गाड्या पुढील वाहनापासूनचें अंतर स्वतः राखतात, त्यांच्या तोंडाशीं असलेल्या रडारवर चिखल बसला तरी तेंच होतें. तेथें ओलें फडकें पुरतें.

यानंतर ब्रेकचे दिवे पाहावे. गाडीमागें कुणास तरी उभें करावें, किंवा सायंकाळीं गाडीची पाठ भिंतीकडे करून पेडल दाबावें व उजेड पाहावा. दिवे मुळींच लागत नसतील, तर बल्ब व फ्यूज तपासावे. जळालेल्या फ्यूजच्या जागीं तितक्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तार किंवा चांदी गुंडाळून काम भागविणें म्हणजे आगीस निमंत्रण होय. पाय काढल्यावरही दिवे जळतच राहत असतील, तर पेडलच्या वर डोकावून पाहावें. तेथें एक लहानसा स्विच असतो. कित्येक गाड्यांत त्याचें टोंक ज्यावर टेकतें तो रबराचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा जुना होऊन फुटतो. मग ब्रेक सतत दाबलेला आहे असें गाडीस वाटतें आणि वेगधारक लागत नाहीं. हा तुकडा अगदीं स्वल्प किंमतीचा असतो, आणि सामान्य गाडीचा पुरा स्विचही बहुधा शेंकड्यांतच मिळतो. दिवे ठीक लागतात म्हणून स्विच निर्दोष, असें मात्र मानूं नये. त्यांत पुष्कळदां दोन मंडलें असतात. एक दिव्यांचें, दुसरें संगणकाचें. क्लच असलेल्या गाडींत क्लचचा स्विचही याच रीतीनें पाहावा.

इतक्यानें उलगडा झाला नाहीं, तर दोषवाचक यंत्र लावावें. डॅशबोर्डखालीं ओ.बी.डी.चें तोंड असतें. त्यांत बसणारा साधा वाचक हजार रुपयांच्या आंतबाहेर मिळतो आणि चार शेजाऱ्यांत एक पुरतो. पी०५७१ किंवा पी०५०४ हे अंक आले, तर ब्रेकच्या स्विचचें मंडल तपासावें. पी०५०० आला, तर वेगाची माहिती देणाऱ्या भागाचें. अंक आधीं कागदावर टिपून घ्यावे, मग पुसावे. मात्र अंक दोषाचा रस्ता दाखवितो, घर दाखवीत नाहीं. भाग बदलण्यापूर्वीं त्याची वायर व जोड पाहिलेच पाहिजेत.

कोंकणांत तर हें विशेषच खरें. आमच्याकडील पावसानें व दमटपणानें जोडांवर हिरवट गंज चढतो, आणि आडोशास उभ्या केलेल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. जुलै २०२१ मध्यें महाड शहरांत पुराचें पाणी शिरलें, तेव्हां कितीतरी गाड्या त्यांत बुडाल्या. अशा गाडीचा दोष पुष्कळदां महिन्यांनीं किंवा वर्षांनीं प्रकट होतो. जुनी गाडी स्वस्तांत घेणाऱ्यानें गालिचाखालचा गाळ, सीटखालचे जोड आणि बंद पडलेला वेगधारक, हीं तिन्हीं एकत्र दिसलीं तर सावध व्हावें.

एका ठिकाणीं मात्र हात आवरला पाहिजे. वेगधारकाबरोबर हॉर्नही मुका झाला असेल, स्टिअरिंगवरील इतर बटणें निकामी झालीं असतील आणि एअरबॅगचा दिवा लागला असेल, तर आंतील गुंडाळलेली पट्टी, कारागीर जिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात ती, तुटली असण्याचा संभव असतो. तिच्यापर्यंत जाण्यास एअरबॅग काढावी लागते. एअरबॅग स्फोटक द्रव्यानें फुगते. घरीं तिला स्पर्श करूं नये. येथें पैसे खर्च करणें हीच काटकसर होय.

गॅरेजांत गेल्यावर "वेगधारक बदला" असें सांगूं नये. "ब्रेकच्या स्विचचा हा अंक आला आहे, तो तपासा" असें सांगावें. तपासणीची मजुरी निराळी ठरवावी, काढलेला भाग परत मागावा, आणि स्विच व जोड पाहिल्यावांचून संगणक बदलण्यास संमति देऊं नये. हमीची मुदत चालू असेल तर स्वतः कांहींच न उकलतां गाडी विक्रेत्याकडे न्यावी.

दुरुस्तीनंतर परीक्षा घ्यावयाची ती कोरड्या, सरळ व मोकळ्या रस्त्यावर, आणि पाय ब्रेकच्या जवळ ठेवून. पेडल किंचित् दाबतांच वेगधारक सुटला पाहिजे. सुटला नाहीं तर तो वापरूं नये. कशेडी, आंबेनळी, वरंध यांसारख्या घाटांत आणि ओल्या रस्त्यावर तो चांगला असला तरी लावूं नये. साधा वेगधारक उतारावर ब्रेक लावीत नाहीं, वळण ओळखीत नाहीं, आणि पाण्याच्या थरावर चाकाची पकड सुटली तरी नेमलेल्या वेगाचाच हट्ट धरतो.

आतां कुणी म्हणेल कीं, आम्हांस हें साधन लागतच नाहीं, मग दुरुस्तीचा खटाटोप कशाला? वेगधारकावांचून गाडी सुखानें चालेल हें खरें. परंतु तो ज्या स्विचमुळें रुसला आहे, त्याच स्विचवर ब्रेकचे दिवेही अवलंबून आहेत. आषाढांत, धुक्यानें भरलेल्या घाटांत, आपण थांबत आहों हें मागून येणाऱ्या ट्रकवाल्यास त्या दोन तांबड्या दिव्यांवांचून कोण सांगणार? म्हणून वेगधारक दुरुस्त करा अथवा करूं नका. परंतु तो कां थांबला, हें विचारल्यावांचून राहूं नका.