खांदा जपा, मग बाण मारा

धनुष्य दिसायला हलके. पण दोरी हनुवटीपर्यंत ओढून पाहा, म्हणजे त्याचा जोर कळतो.

फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खेळले. सातारा जिल्ह्यातीलच अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला जगज्जेती झाली. उद्या आपले मूलही धनुष्य हाती घेईल. तेव्हा त्याचे सांधे कसे जपावेत, ते आपण पाहू.

आम्ही शाळेत हिशेब शिकवीत असू. तसाच एक हिशेब मांडू. समजा, दोरी ओढायला १८ किलोचा जोर लागतो. ऑलिंपिकच्या पहिल्या फेरीत ७२ बाण मारायचे असतात. १८ गुणिले ७२ म्हणजे १,२९६ किलो. शंभर किलोची जवळजवळ तेरा पोती झाली! हा सारा भार त्याच खांद्यांवर, त्याच कोपरावर, त्याच तीन बोटांवर. एका बाणाने सांधा दुखत नाही. तोच तोच ताण पडून दुखतो. विहिरीचा दोर रोज एका जागी घासला, तर दगडालाही खाच पडते.

मग काय करावे?

एक : धनुष्य आपल्या ताकदीचे घ्यावे. दोरी ओढून धरावी व दहा अंक मोजावेत. हात कापू लागला, तर ते धनुष्य भारी समजावे. थोरल्याचे धनुष्य धाकट्याला देऊ नये.

दोन : नुसत्या हाताने ओढू नये, पाठीने ओढावे. खांदा कानाकडे उचलू नये. पाठीवरचे दोन्ही फरे एकमेकांकडे सरकले पाहिजेत. पाठीचे स्नायू मोठे असतात. ते भार पेलतात.

तीन : आधी हात-खांदे फिरवून अंग मोकळे करावे. बोटांना चामड्याची पट्टी लावावी.

चार : बाण आठवड्या-आठवड्याने थोडे थोडे वाढवावेत. स्पर्धा जवळ आली म्हणून एकदम दुप्पट करू नयेत. आठवड्यात एक-दोन दिवस विसावा घ्यावा.

अंग नुसते आंबले, तर ते दोन दिवसांत उतरते. पण सांध्यात कळ निघाली, रात्री खांदा झोपू देईना, बोटांना मुंग्या आल्या, तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. गोळी खाऊन बाण मारू नयेत. त्याने दुखणे झाकते, बरे होत नाही.

मुले दुखणे लपवतात. घरी कळले तर खेळ बंद होईल, अशी त्यांना भीती वाटते. म्हणून रागावू नये. रोज विचारावे, "बाळा, खांदा कसा आहे?" चार दिवस विसावा घेतला, तर खेळ बुडत नाही. खांदा कायमचा अधू झाला, तर खेळही जातो आणि रोजचे कामही.