फळ्यावरची सुरमई

बिस्त्रो म्हणजे झगमगीत रेस्टॉरंट नव्हे. आपल्या खाणावळीची ती फ्रेंच बहीण. तिथे पदार्थ बहुधा फळ्यावर खडूने लिहितात, कारण ते बाजारात काय मिळाले त्यावर ठरतात. मस्कतमध्ये असा स्वयंपाक करायचा तर आधी मत्राचा मासळीबाजार गाठायला हवा. तिथला ‘कनद’ म्हणजे आपली सुरमई. आपण ती रव्यात घोळवून तव्यावर टाकतो; फ्रेंच आचारी लोणी, बारीक कांदा आणि व्हिनेगरचा ‘बेर ब्लां’ सॉस करतो. त्यात लूमीची, म्हणजे मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवलेल्या लिंबाची, चिमूटभर पूड पडली की आंबटपणाला किंचित कडसर धार येते. (आमसूलभक्तांनी नाक मुरडू नये.)

पण मेनूवर ‘स्थानिक’ लिहायला पैसे पडत नाहीत. ते पारखायचे कसे? सुरमईच्या प्रजननासाठी ओमानमध्ये १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर ती पकडायला बंदी असते. कोकणात जून-जुलैत यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात, तसेच. तेव्हा सप्टेंबरात फळ्यावर ‘ताजी ओमानी सुरमई’ दिसली, तर ती आली कुठून, हे वेटरला जरूर विचारावे. सॅलडवर जबल अखदरच्या डाळिंबाचे दाणे असतील तर मात्र खुशाल मागवावे. त्यांचा हंगाम तोच.