घोडा आपला, मोहीम दुसऱ्याची

मराठ्यांच्या फौजेत स्वारांचे दोन प्रकार असत. बारगिराला घोडा आणि हत्यारं सरकारातून मिळत. शिलेदार ती स्वतःची घेऊन येई. आज आपण ज्याला ‘फ्रीलान्सर’ म्हणतो, तो या शिलेदाराचाच भाऊबंद. त्या इंग्रजी शब्दातला ‘लान्स’ म्हणजे भालाच आहे.

मीही असाच एक शिलेदार. कवितेवर चूल पेटत नाही, म्हणून हिंदी, उर्दू आणि इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतो. तरुण मुलं विचारतात, काम देणारा नेमकं बघतो तरी काय? त्यांना वाटतं, पदवी बघत असेल. माझी बी.ए.ची पदवी आजवर कुणी मागितलेली नाही.

आधी काम देणाऱ्याची अडचण समजून घेऊ या. कापड हात लावून घेता येतं. अनुवाद मात्र घेण्याआधी पाहता येत नाही, कारण तो अजून झालेलाच नसतो. ज्याला मूळ भाषा येत नाही, त्याला तो झाल्यावरही पारखता येत नाही. म्हणून तो खुणा शोधतो.

पहिली खूण नमुन्याची. नमुना त्याच जातीच्या मजकुराचा हवा. कोर्टाच्या कागदासाठी गझला दाखवून भागत नाही. उर्दू कागदात ‘राजीनामा’ येतो, तेव्हा तो समझोता असतो. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणं. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि आपली शिक्षा म्हणजे दंड. अशा जागी पाय घसरला नाही, की जाणकाराचा जीव भांड्यात पडतो. माझं नाव ऐकून काहींना वाटतं, यांना उर्दूचं काम द्यावं, मराठी मजकूर दुसऱ्या कुणाला. हा समज वाद घालून जात नाही. नमुन्याचं एक पान तो घालवतं.

दुसरी खूण प्रश्नांची. ‘सिक्युरिटी’ हा शब्द कर्जाच्या कागदात तारण असतो, शेअरबाजारात रोखा आणि इमारतीच्या दारावर रखवालदार. बँकेचं पत्रक हाती आल्यावर, ‘हे कोण वाचणार, शेतकरी की वकील?’ असं जो विचारतो, त्याच्यावर भरवसा बसतो. एकही प्रश्न न विचारता मान डोलावणाऱ्याची उलट धास्ती वाटते.

तिसरी खूण वेळेची. छापखान्याची तारीख ठरलेली असते. ‘सोमवारी जमणार नाही, बुधवारी देतो’ असं आधीच सांगणारा परवडतो. सोमवारी संध्याकाळी फोन बंद ठेवणारा कितीही विद्वान असला तरी परवडत नाही.

चौथी खूण व्यवहाराची. दर शब्दावर ठरत असेल, तर शब्द मुळातले मोजायचे की मराठीतले, दुरुस्त्या किती वेळा करून द्यायच्या, हे आधीच बोलावं. फार कमी दर सांगितला की समोरच्याला आनंदापेक्षा शंकाच जास्त येते. पुस्तकाचं काम असेल तर हक्काचा प्रश्नही येतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. बाहेरच्या अनुवादकाकडून मात्र तो लेखी घ्यावा लागतो. म्हणून प्रकाशक करार पुढे करतो. तो वाचून, समजून सही करणाऱ्याचा त्याला राग येत नाही.

आता यंत्रही क्षणात अनुवाद करून देतं. तरी माणूस बोलावला जातो, कारण एखादा शब्द चुकला तर जाब कुणाला विचारायचा, हा प्रश्न उरतोच. कामाबरोबर ही जबाबदारीही आपण घेत असतो आणि मोबदला तिचाही असतो.

पहिलं काम ओळखीनं मिळतं, कधी नशिबानं. त्याच माणसानं दुसऱ्यांदा बोलावलं, की समजावं, आपला घोडा पसंत पडला.