घरचा संगणक मध्येच बंद पडतो तेव्हा

ऊस पिवळा पडला की आपण लगेच युरियाचे पोते फोडत नाही. बेट उपटून मुळाशी हुमणी आहे का ते पाहतो. संगणकाचेही तसेच.

कल्याणजवळ मोहने येथे माझ्या बहिणीकडचा संगणक दिवसातून दोन-चार वेळा आपोआप बंद पडू लागला. दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड गेला, नवा घ्या. भाचीचे कॉलेजचे सगळे प्रोजेक्ट त्यातच! ते आम्ही आधी पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. दुरुस्ती मागाहून.

मग वहीत नोंद ठेवली : केव्हा बंद पडला, तेव्हा काय चालू होते. बराच वेळ जड काम केल्यावर बंद पडत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. पंख्यात धूळ बसलेली असते. निळा पडदा न येता, दिवे गेल्यासारखा खटकन् बंद झाला तर एसएमपीएस किंवा घरातला कमी-जास्त दाब. दर वेळी निराळ्या कामात, निराळ्या संदेशाचा निळा पडदा आला तर बहुधा रॅम.

बहिणीकडे हा तिसरा प्रकार होता. विंडोजमध्येच रॅम तपासण्याची सोय आहे. तिने दोष दाखवला. पण पट्ट्या दोन, त्यातली कोणती? प्लग काढून एकच पट्टी ठेवली, दोन दिवस चालवला. ठीक. मग दुसरी लावली, तर संध्याकाळीच निळा पडदा! तेवढी पट्टी बदलली, काम झाले. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आत वीज साठून राहते.