किल्लीची पडताळणी आणि संमतीची मोजदाद

अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील हिंगणे दिल्लीहून पुण्याला पत्रे धाडीत, तेव्हा पत्राचा खरेपणा ओळखीच्या अक्षरावर आणि विश्वासातल्या जासुदावर अवलंबून असे. आज नोएडातून पुण्याला व्हॉट्सॲपवर पाठविलेला निरोप क्षणात पोहोचतो आणि एप्रिल २०१६ पासून तो कूटबद्धही असतो. परंतु निरोपाला कुलूप घालण्यासाठी समोरच्याची जी किल्ली लागते, ती मधली सेवाच आणून देते. तिने चुकून वा हेतुपुरस्सर तिसऱ्याचीच किल्ली पुढे केली, तर कुलूप कितीही भक्कम असले तरी निरोप भलत्याच्या हाती उघडेल. यावर उपाय म्हणून व्हॉट्सॲप आणि सिग्नल साठ अंकांची एक संख्या दाखवितात. ती दोघांच्या यंत्रांवर सारखीच असली, तर मध्ये कोणी नाही असे समजावे.

हा उपाय लोक योजतात काय? १९९९ साली व्हिटन व टायगर या संशोधकांनी बारा जणांना कूटलेखनाची एक आज्ञावली वापरावयास दिली. दीड तासात बहुतेकांना ते काम नीट जमले नाही. अशा प्रयोगातून कौशल्य कळते, सवय कळत नाही. नवा फोन घेतला की किल्ली बदलते, तशी सूचना येते, आणि निरुपद्रवी कारणाने वारंवार येणाऱ्या सूचनेकडे माणूस पाहीनासा होतो. ते किती प्रमाणात घडते, हे प्रत्यक्ष वापराच्या मोजदादीखेरीज कळणार नाही.

ही मोजदाद मात्र निर्धोक नव्हे. कोणी कोणाशी पडताळणी केली याची नोंद म्हणजे नात्यांचा नकाशाच. शिवाय जे पडताळणी करीतच नाहीत, त्यांची यादी तोतयाला सर्वांत उपयोगी! म्हणून संमती हवी. २०१७ साली दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला; २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी असे म्हटले. आधीच खूण केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे.

पण खरी अडचण येथेच आहे. जो सावधपणे साठ अंक ताडून पाहतो, तोच नोंद देण्यास नकार देण्याचा संभव अधिक. मग होकार देणाऱ्यांवरून काढलेले प्रमाण सर्वांचे मानता येत नाही.

नकार कमी व्हावेत यासाठी १९६५ साली स्टॅन्ली वॉर्नर यांनी मांडलेल्या कल्पनेचे एक रूप उपयोगी पडते. यंत्राने मनातल्या मनात नाणे उडवावे. काटा पडल्यास खरे उत्तर द्यावे. छाप पडल्यास पुन्हा नाणे उडवून जे येईल ते 'होय' वा 'नाही' सांगावे. समजा, हजारांतून २९० होकार आले. छाप पडलेल्या सुमारे पाचशेंचे २५० होकार निव्वळ योगायोगाचे. उरले ४०, तेही काटा पडलेल्या पाचशेंपैकी. म्हणजे पडताळणी करणारे शेकडा आठ. प्रमाण कळले, व्यक्ती मात्र झाकलेलीच राहिली. अर्थात, तोच प्रश्न रोज नव्याने नाणे उडवून विचारला, तर उत्तरांच्या सरासरीतून सत्य फुटेल. म्हणून यंत्राने एकदा दिलेले उत्तर कायम ठेवले पाहिजे. आणि ज्यांनी मुळातच नकार दिला, त्यांच्याविषयी नाण्याला काहीच सांगता येत नाही.